आवाजाला आधी वाट

बदलापूर पश्चिमेच्या बाजारात जांभळं आली की मला राऊटर आठवतो. हे वाक्य लिहून परत वाचलं तेव्हा विचित्र वाटलं, पण खोडावंसं वाटलं नाही. डोंगराकडच्या वाड्यांवरून बायका टोपल्या घेऊन येतात, पानाच्या द्रोणात जांभळं भरून देतात, वर चार जास्तीची टाकतात. मी पिशवी धरून उभी असते आणि माझ्या डोळ्यांसमोर येतो तो आमच्या शोकेसवरचा पांढरा डबा, दोन शिंगांचा, हिरवे दिवे लुकलुकणारा. पुढची बाई कोपर मारून म्हणते, "घ्यायची तर घ्या ना ताई, नायतर सरका." मी घेते. घरी नेऊन मिठाच्या पाण्यात टाकते. दोन वर्षं झाली, पण हा हंगाम माझ्यासाठी त्याच एका हंगामाचा राहिला आहे.

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकाच सकाळी गेलं. हात-पाय पुढे थोडे परतले. अंबरनाथ पूर्वेचं त्यांचं घर बंद करून मी आई-बाबा दोघांना बदलापुरात, बेलवलीला आमच्याकडे आणलं. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आणि शेजारच्या दोघांनी बाबांना खुर्चीत बसवून वर चढवलं. प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवून तिघं दम खात होते आणि आई मागून सांगत होती, "सावकाश. घाई नाही कसली."

बाबा जन्मभर कारखान्यात, मोठ्या यंत्रांच्या खात्यात होते. तिथल्या आवाजावर मात करून बोलायची सवय लागलेली. घरी जेवताना मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावर कळायचं. आई म्हणायची, "अहो, मी इथे समोर बसलेय, कारखान्यात नाही." त्यावर ते आणखी मोठ्याने म्हणायचे, "मग दे की मीठ!" लहानपणी मला या आवाजाची लाज वाटायची. शाळेच्या फाटकाबाहेरून ते हाक मारायचे आणि सगळा वर्ग हसायचा.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "पहिले तीन महिने महत्त्वाचे. बोलणं जे काही परत यायचं, ते बहुतेक तेव्हाच येतं. वेळ घालवू नका." मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मी अंबरनाथला एका छोट्या कंपनीचं स्टोअर सांभाळते. माल येतो, माल जातो, यादी माझ्याकडे असते. घरी आल्यावर मी बाबांची यादी केली. एक, न्हाणीघरात धरायला दांडी. दोन, कमोडची खुर्ची. तीन, व्यायाम घ्यायला येणारा माणूस. चार, गोळ्यांचा डबा, सकाळ-दुपार-संध्याकाळ असे कप्पे असलेला. अशी चौदा कामं होती. अकरावं काम होतं, 'नेटचं बघणे'.

स्पीच थेरपीसाठी त्यांना जिने उतरवून नेणं रोज शक्य नव्हतं, म्हणून पुण्याच्या अनघा मॅडम टॅबवरून शिकवायला लागल्या. रोज दुपारी चार वाजता, अर्धा तास. त्या वेळी मी कामावर, विलास कामावर. मुग्धा, माझी मुलगी, घरूनच ऑफिसचं काम करते, पण चार वाजता तिची मीटिंग. ती आतल्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून बसलेली असायची, घर पेटलं तरी तिला कळलं नसतं. बाबांजवळ फक्त आई. टॅबचा माइक कुठे आहे ते आईला कळेना, म्हणून मुग्धाने आईचीच एक लाल टिकली माइकशेजारी चिकटवली. "आजी, इथे तोंड करून बोलायचं." आईने ते फार काटेकोरपणे पाळलं.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की आवाज तुटतो. चित्र थिजतं. मॅडम तोंड उघडून तशाच राहतात आणि मग एकदम तीन शब्द धावत येतात. त्या म्हणाल्या, "काकू, तुमच्याकडचा व्हिडिओ बंद ठेवा. निदान आवाज तरी पोचेल." आईने ठेवला बंद. घरात कूलरची घरघर, गॅलरीत आईने वाळत घातलेली आमसुलं आणि दिवाणावर उशीला टेकून बसलेले बाबा. हे दृश्य मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, नंतर जुळवलं आहे. इतक्यांदा जुळवलं आहे की आता ते पाहिल्यासारखंच आठवतं.

मग निरोप यायला लागले. मी गोदामात गोण्या मोजत असताना फोन वाजायचा. 'आज काका "पाणी" म्हणाले! स्पष्ट नाही, पण म्हणाले.' दोन दिवसांनी 'नको'. आठवड्याने 'चहा दे'. दोन शब्द जोडून! मी वहीत एक नवं पान काढलं, डावीकडे तारीख, उजवीकडे शब्द. विलासने त्या दिवशी खरवस आणला. संध्याकाळी मी बाबांसमोर बसून म्हणायची, "बाबा, म्हणा बघू, पाणी." ते माझ्याकडे बघायचे. ओठ हलायचे, घशातून एक जाड आवाज यायचा, आणि मग ते मान वळवायचे.

"दमलेत," आई म्हणायची. "दुपारचं केवढं बोललेत."

"एकच शब्द, आई."

"तुझ्यासमोर लाजतात ते. तू लगेच वही काढतेस."

मी वही काढायची बंद केली. समोर, म्हणजे. नंतर स्वयंपाकघरात जाऊन लिहायची.

मेच्या शेवटी अनघा मॅडमचा फोन आला. प्रगती आहे, पण शब्दाचा शेवट ऐकू येत नाही, त्यामुळे पुढचं शिकवता येत नाही. "ताई, नेटचं काही करता येतंय का बघा ना. आता वाक्यांकडे जायची वेळ आली आहे." वाक्यांकडे! मी त्याच संध्याकाळी अकरावं काम पहिलं केलं.

उल्हासनगरला हरीशभाईंचं दुकान आहे, वायरींच्या जंगलात बसलेला माणूस. आमच्या कंपनीचं कॉम्प्युटरचं सामान त्यांच्याकडून येतं. नवा, महागातला राऊटर घ्यायच्या तयारीने मी गेले होते. त्यांनी मॉडेल विचारलं आणि हात झटकला. "ताई, नवा कशाला? तुझ्याच डब्यात सेटिंग आहे. कोण उघडून बघतच नाय." मग खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर चित्र काढायला बसले. "ये देख. घरातून बाहेर जायची वाट एकच. सगळे तिथेच. पिक्चर बघणारा पण, फोटो पाठवणारा पण, बोलणारा पण. पिक्चर थांबू शकतो, तो पुढचं आधीच भरून ठेवतो. फोटो उद्या गेला तरी कोण मरत नाय. पण आवाज? आवाज छोटा असतो, ताई. एवढासा. पण तो थांबला की मेला. उशिरा आलेला आवाज काय कामाचा? म्हणून त्याला आधी सोडायचं."

हे शेवटचं वाक्य मी पुठ्ठ्यावरच त्यांच्या चित्राखाली लिहिलं.

"आणि सेटिंगमध्ये वाटेची पूर्ण रुंदी, म्हणजे पूर्ण स्पीड, लिहू नको," ते म्हणाले. "थोडी कमी लिही. मग रांग तुझ्या घरात लागेल, तुझ्या हातात राहील. पूर्ण लिहिलीस तर रांग बाहेर लागणार. बाहेर तुझं कोण ऐकतो?"

निघताना विचारलं, "कोण बोलणार आहे? मुलगा फॉरेनला?"

"बाबा," मी म्हटलं. "बोलायला शिकतायत."

त्यांनी चहा मागवला होता तो मला पुरा प्यायला लावला आणि पुठ्ठा पेपरात गुंडाळून दिला, जणू काही काच आहे.

रविवारी सकाळी मी आमच्या राऊटरच्या आत शिरले. पासवर्ड डब्याच्या बुडाशी होता. आत घरातली सगळी यंत्रं एका यादीत, प्रत्येकापुढे एक लांबलचक नंबर. आता प्रत्येकाला क्रम द्यायचा. यादी करणं मला नवीन नाही, पण घरातल्या माणसांना मी कधी क्रम दिले नव्हते. एक, बाबांचा टॅब. दोन, मुग्धाचा लॅपटॉप. तीन, माझा फोन, कारण निरोप त्यावर येतात. टीव्ही खाली. त्याच्या खाली विलासचा फोन, कारण तपासताना कळलं की जो जुना फोन तो रोज सकाळी चार्जिंगला लावून घरीच ठेवून जायचा, तोच चार वाजता सगळ्या वाटेवर बसलेला असायचा. लोकांनी पाठवलेले सुप्रभातचे व्हिडिओ एकेक करून इंटरनेटवर कुठेतरी जपून ठेवत होता.

विलास मागे येऊन उभा राहिला. "मी टीव्हीच्या खाली?"

"फोन. तू नाही."

"पंचवीस वर्षांच्या संसारात आज लेखी मिळालं." मग मुग्धाला हाक, "ये गं, बघ, तुझा बाप फ्रिजच्या वर आहे की खाली!"

"फ्रिज नेटवर नाहीये, बाबा."

"म्हणजे तोही बरा."

बाबा दिवाणावरून हे ऐकत होते. त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. हसले. मी आईला म्हटलं, "बघ, समजतंय सगळं." आई कोकमाचा रस लागलेली बोटं पदराला पुसत राहिली. तेव्हा मला ते दिसलं नाही, आता दिसतं.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढली. केलेलं काम चालतंय का ते स्वतः बघायची माझी पद्धत आहे. आईला सांगितलं नव्हतं. साडेतीनला मी दार उघडून आत आले तेव्हा ती दचकली. "आज कशी काय तू?" मी म्हटलं, "तुमचा क्लास बघायला." तिने बाबांच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली.

चार वाजता अनघा मॅडमचा चेहरा आला. थिजला नाही. "अय्या, किती स्वच्छ!" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या खोलीतल्या पंख्याची करकरसुद्धा आमच्या हॉलमध्ये ऐकू आली. "ताई, काय केलंत? आता तुमचा व्हिडिओ पण लावा ना. मला काकांचं तोंड बघायचंय, ओठ कसे हलतात ते." मी बटण दाबलं. पाच आठवड्यांनी त्यांना बाबा दिसले. टिकलीकडे तोंड करून शेजारी बसलेली आईही दिसली.

मॅडमनी चित्र धरलं. पेला. "काका, हे काय?"

बाबांनी तोंड उघडलं. मानेची शीर वर आली. जबडा एकदा डावीकडे, एकदा मध्यभागी. "अं" असा आवाज, आणि मग तोही नाही. मी मनात मोजत होते. दहापर्यंत गेले असेन. तेव्हा आईच्या तोंडून, सवयीने, जाड्या बसक्या आवाजात बाहेर पडलं, "पा... णी."

तो बाबांचा आवाज नव्हता. पण बाबांचा आवाज कसा होता हे माहीत नसलेल्या माणसाला, तुटक्या नेटवरून, कूलरच्या घरघरीत, तो कुणाचाही वाटला असता.

पडद्यावर मॅडम हलल्याच नाहीत. क्षणभर मला वाटलं, पुन्हा थिजलं. पण पंखा करकरत होता. नेट चालू होतं.

"काकू," त्या अगदी हळू म्हणाल्या, "काकांना बोलू द्या हं आता." दुसरं चित्र धरलं. तिसरं. सात चित्रं दाखवली. त्या अर्ध्या तासात एकदाही आवाज तुटला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "काकू, 'चहा दे' कोण म्हणालं होतं?"

"मीच," आई म्हणाली. "पण त्यांनाच म्हणायचं होतं ते. चारचा चहा. अठ्ठेचाळीस वर्षं देतेय, मला कळत नाही?"

कॉल संपल्यावर मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडले. आई गॅलरीत जाऊन आमसुलं उलटी करत बसली, एकेक करून. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले तेव्हा न वळता म्हणाली, "ती पोरगी तिकडून विचारायची, तिला ऐकूच जायचं नाही. परत विचारायची. परत. हे घामाने नुसते भिजायचे गं. कसंबसं काहीतरी काढायचे घशातून, आणि ती म्हणायची, हॅलो, हॅलो, काका, येतंय का ऐकू? तिसऱ्या दिवशी यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मी म्हटलं एकदा. ती इतकी खूश झाली! आणि संध्याकाळी तू आलीस, तू पण."

मी वहीतलं पान काढून बघितलं. अकरा शब्द होते त्यावर. यादीत नेटच्या कामाचा क्रमही अकराच होता. तीन महिन्यांतले पाच आठवडे त्या पानावर आईच्या आवाजात लिहिलेले होते, माझ्या अक्षरात. मी दांडी आधी बसवली होती. कप्प्यांचा डबा आधी आणला होता. ती कामंही करायचीच होती, कोणीही तीच आधी केली असती, असं विलास अजूनही म्हणतो. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं.

त्यानंतर आम्ही प्रामाणिकपणे केलं. मी दुपारची सुट्टी बदलून घेतली, मुग्धाने तिची मीटिंग पुढे ढकलून घेतली, आईला चारच्या वेळी खाली बाकावर पाठवायला लागलो. जून गेला, जुलै गेला. नेट उत्तम. बाबांच्या घशातला प्रत्येक खरखराट पुण्याला जसाच्या तसा पोचत होता आणि त्यात शब्द नव्हता. नेट खराब होतं तोवर आम्हाला दोष द्यायला काहीतरी होतं. बाबा बोलतायत, आपल्यापर्यंत पोचत नाहीये, एवढंच. मी ती एवढीशी जागासुद्धा साफ करून टाकली. ऑगस्टमध्ये अनघा मॅडम आठवड्यातून एकदा म्हणाल्या, मग महिन्यातून. मग एके दिवशी त्या रडल्या, आणि मलाच त्यांना 'असू दे' म्हणावं लागलं. पाच आठवडे आधी कळलं असतं तर फरक पडला असता का, हे मी त्यांना विचारलं होतं. "सांगता येत नाही, ताई," त्या म्हणाल्या. खोटं बोलायच्या नाहीत त्या.

राऊटर तसाच आहे. मध्ये एकदा कंपनीचा माणूस वायर बदलायला आला होता, म्हणाला, "ह्यात कोणता तरी टॅब एक नंबरला टाकलाय, तो तर बंदच दिसतोय. काढू का?" मी म्हटलं, राहू दे.

यंदा मेमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन दिवस ती मावशीकडे कल्याणला राहिली, आणि मी रजा घेऊन बाबांजवळ. आई घरात नाही असे ते पहिलेच दोन दिवस. आमची एक पद्धत ठरलेली आहे, हो असेल तर ते डाव्या हाताने माझं बोट दाबतात, नको असेल तर डोळे मिटतात. दुसऱ्या दिवशी दुपारी ते अस्वस्थ झाले. घशातून आवाज, नजर माझ्यावर रोखलेली, काहीतरी हवं होतं. मी विचारत गेले. पाणी? डोळे मिटले. संडास? उशी उंच करू? पंखा? कूस बदलू? दुखतंय का? आईला फोन लावू? प्रत्येक वेळी डोळे मिटायचे आणि उघडून पुन्हा माझ्याकडेच बघायचे. मग मला सुचेनासं झालं. दोन तास मी त्यांचा हात धरून बसले. ते बघत होते.

आई संध्याकाळी आली, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मी दारातच सगळं सांगितलं. तिने चप्पल काढली, जवळ जाऊन वाकून बघितलं, आणि नेहमीच्या खात्रीने म्हणाली, "खिडकी उघड. उकडतंय त्यांना." मी उघडली. बाबांनी डोळे मिटले. "मग रेडिओ हवाय." डोळे मिटले. "अंबरनाथचं घर? घराचं काही विचारताय का?" डोळे मिटले. आई दिवाणाच्या कडेला बसली. पट्टी नसलेल्या डोळ्याने ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत होती.

"मला पण दर वेळी कळतं असं नाही गं," ती म्हणाली.

"मग तेव्हा? पाणी, चहा, ते सगळं?"

"तेव्हा कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. म्हणजे नाही. किंवा नुसतीच झोप लागली असेल.